घटक ६ : संगणकावरील मराठी लेखन – स्वयंपूर्ती आणि संक्षेप-विस्तार

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील.
• मराठी लेखनव्यवहारातील संक्षेपांची परंपरा सांगता येईल.
• स्वयंपूर्ती आणि संक्षेप-विस्तार यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• आपल्या कामाला उपयोगी पडेल अशी संक्षेपांची यादी संगणकावर किंवा मोबाइलवर तयार करता येईल.
• मराठीच्या सामान्यरूपामुळे व शुद्धलेखनाच्या नियमांमुळे होणाऱ्या चुका टाळता येतील.
• संगणकाने सुचवलेला शब्द केव्हा स्वीकारावा आणि केव्हा नाकारावा, याचा निर्णय घेता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट कळफलक यांचा परिचय करून घेतला. आता तुम्हांला मराठी टंकता येते. परंतु वेग कमी आहे, ही तुमच्यापैकी अनेकांची अडचण असेल. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी हा बहुधा दिवसभर काम करून रात्री अभ्यासाला बसणारा असतो. बीड जिल्ह्यातील काही विद्यार्थी तर दिवाळीच्या सुमारास कुटुंबासह ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांचा स्वाध्याय फडाजवळच्या कोपीत, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर लिहिला जातो. अशा विद्यार्थ्याला वेळेची बचत किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय, गावात जो शिकतो त्याच्याकडे इतरांचे अर्ज लिहिण्याचे काम आपोआप येते. पीकविम्याची तक्रार, शिधापत्रिकेतील नावाची दुरुस्ती, मुलाच्या शाळेचा दाखला असे अर्ज लिहून देणाऱ्याची एक चूक दुसऱ्याच्या पदरात पडते. म्हणून या घटकात आपण वेगाबरोबरच अचूकतेचाही विचार करणार आहोत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ संक्षेपाची मराठी परंपरा

थोड्या खुणांत अधिक मजकूर मांडण्याची कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. आपल्या घरातील जुने पत्र काढून पाहा. वडिलांना लिहिलेल्या पत्राच्या आरंभी 'ति.' म्हणजे 'तीर्थरूप' असते. परिचितांच्या पत्रात 'सा. न. वि. वि.' म्हणजे 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असते. 'रा. रा.' म्हणजे 'राजमान्य राजश्री', 'चि. सौ. कां.' म्हणजे 'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी' आणि शेवटी राहून गेलेल्या मजकुरासाठी 'ता. क.' म्हणजे 'ताजा कलम'. पाकिटावर 'मु. पो.', 'ता.', 'जि.' ही अक्षरे आजही येतात. लिहिणारा दोन अक्षरे लिही आणि वाचणारा मनात पूर्ण शब्द वाची. विस्ताराचे काम वाचकाच्या मनाकडे होते.

मोडी लिपीचा हेतूही असाच होता. हात कमीत कमी उचलून सलग लिहिता यावे, दप्तरातील कामे लवकर उरकावीत, यासाठी ही लिपी वापरली गेली. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याकडे तिचे श्रेय परंपरा देते. वेगाची किंमतही मोडीने मोजली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तीत पाळला जात नसे. म्हणून मोडी कागद वाचणाऱ्याला संदर्भावरून शब्द ठरवावा लागतो. वेग आणि अचूकता यांच्यातील हा ताण लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

आपल्याच जिल्ह्यातील अंबाजोगाई ही आद्यकवी मुकुंदराज आणि संतकवी दासोपंत यांची भूमी. दासोपंतांचा 'गीतार्णव' परंपरेने सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. कापडावर लिहिलेली त्यांची 'पासोडी' प्रसिद्ध आहे. तिची लांबी सुमारे ४० फूट आहे. इतके सारे हाताने लिहिणे हा केवढा श्रम होता, याची कल्पना आपण करू शकतो. आज यंत्र त्यातील काही श्रम वाचवू शकते. मात्र ओवी सुचण्याचे काम यंत्राकडे सोपवता येत नाही.

६.२.२ स्वयंपूर्ती कशी चालते?

तुम्ही 'जिल्हा' एवढे टंकले की मोबाइलच्या कळफलकावर 'जिल्हा', 'जिल्हाधिकारी', 'जिल्ह्यात' असे पर्याय दिसतात. त्यांपैकी एकाला स्पर्श केला की शब्द पूर्ण होतो. या सोयीला संगणकाच्या व्यवहारात ऑटोकम्प्लीट म्हणतात. आपण 'स्वयंपूर्ती' असे म्हणू.

यंत्राला अर्थ कळतो म्हणून ते शब्द सुचवते असे नाही. त्याच्याजवळ शब्दांचा साठा असतो आणि कोणता शब्द किती वेळा येतो, कोणत्या शब्दानंतर कोणता येतो, याचे हिशेब असतात. टंकलेल्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द ते शोधते आणि अधिक संभव असलेला शब्द पुढे ठेवते. तुम्ही वारंवार वापरलेले शब्द ते आपल्या साठ्यात घालते.

या हिशेबाचे एक मूळ साहित्यकृतीत आहे, हे तुम्हां साहित्याच्या विद्यार्थ्यांना रंजक वाटेल. १९१३ साली आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या 'येव्गेनी ओनेगिन' या पद्यकादंबरीतील पहिली २०,००० अक्षरे घेतली आणि स्वरानंतर स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा येते, हे मोजले. आधीचे अक्षर माहीत असले की पुढच्याचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो, हे त्यातून दिसले. पुढे १९५१ मध्ये क्लॉड शॅनन यांनी इंग्रजी मजकुरातील पुढचे अक्षर कितपत ओळखता येते, याचा अभ्यास केला. मोबाइलवरील सूचना याच विचाराच्या वंशातील आहेत.

यातून एक निष्कर्ष निघतो. ज्या प्रकारचा मजकूर साठ्यात अधिक, त्या प्रकारचे शब्द यंत्र आधी सुचवते. शहरी, वृत्तपत्रीय मराठी त्याला अधिक परिचित असते. 'उचल' हा शब्द त्याला क्रियापद म्हणून ठाऊक असेल. परंतु मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम, हा त्याचा अर्थ त्याच्या हिशेबात क्वचितच असेल. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, उसाच्या शेंड्याकडील हिरव्या चाऱ्याला 'वाढे' म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. यंत्राने शब्द सुचवला नाही म्हणजे तो चुकीचा आहे, असे कधीही समजू नका.

६.२.३ संक्षेप-विस्तार कसा करावा?

स्वयंपूर्तीत यंत्र अंदाज करते. संक्षेप-विस्तारात अंदाज नसतो. कोणत्या खुणेचा कोणता विस्तार, हे तुम्ही आधीच ठरवून दिलेले असते. 'सा. न. वि. वि.'चा विस्तार पूर्वी वाचक करी, तो येथे यंत्र करते, एवढाच फरक.

एक उदाहरण मोजून पाहू. 'यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ' हे नाव इन्स्क्रिप्ट पद्धतीने सरळ टंकले तर हलन्ताच्या कळा व मोकळ्या जागा धरून ४२ कळा दाबाव्या लागतात. यात शिफ्ट कळ धरलेली नाही. त्याऐवजी 'यचम' ही तीन अक्षरे आणि विस्ताराची एक कळ, अशा ४ कळा पुरतात. एका वेळी ३८ कळा वाचतात. प्रकल्प-अहवालात हे नाव दहा वेळा आले तर ३८० कळा वाचतील, आणि दहाही ठिकाणी नाव सारखेच येईल. हा दुसरा लाभ पहिल्यापेक्षा मोठा आहे.

आता कृती पाहू.

(अ) लिब्रे ऑफिस : पूर्ण मजकूर टंकून तो निवडा. कंट्रोल आणि एफ ३ या कळा एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत नाव व संक्षेप लिहून मजकूर ऑटोटेक्स्टमध्ये जतन करा. नंतर संक्षेप टंकून एफ ३ दाबला की विस्तार होतो. याच प्रणालीत शब्द पूर्ण करण्याचीही सोय आहे. उघडलेल्या दस्तऐवजातील लांब शब्द ती गोळा करते व एंटर कळेने पूर्ण करते. किती लांबीचा शब्द गोळा करावा, हे ऑटोकरेक्टच्या पर्यायांत ठरवता येते.

(आ) मायक्रोसॉफ्ट वर्ड : मजकूर निवडून ऑल्ट व एफ ३ दाबा, नाव द्या व जतन करा. पुढे ते नाव टंकून एफ ३ दाबा. दुसरा मार्ग ऑटोकरेक्टचा आहे. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या क्रमाने गेल्यास दोन रकाने दिसतात. डावीकडे संक्षेप व उजवीकडे विस्तार लिहावा. येथे साध्या मजकुराला २५५ वर्णांची मर्यादा आहे.

(इ) मोबाइल : अँड्रॉइडवरील जीबोर्ड या कळफलकाच्या सेटिंगमध्ये डिक्शनरी व त्यात पर्सनल डिक्शनरी असते. तेथे मराठी भाषा निवडून शब्द व त्याचा शॉर्टकट नोंदवता येतो. आयफोनमध्ये सेटिंग, जनरल, कीबोर्ड या मार्गाने टेक्स्ट रिप्लेसमेंटपर्यंत जावे.

संक्षेप निवडताना एक पथ्य पाळा : जो मराठीत स्वतंत्र शब्द आहे, तो संक्षेप म्हणून घेऊ नका. 'शिरूर कासार'साठी 'शिका' हा संक्षेप सोयीचा वाटेल. पण ऑटोकरेक्टमध्ये तो नोंदवला तर 'मुलांनो, शिका' हे वाक्य 'मुलांनो, शिरूर कासार' असे होईल. 'बीड'साठी 'बी' घेतले तर पेरणीच्या लेखात बियाण्याच्या जागी जिल्हा उगवेल. 'तालुका'साठी 'ता' घेतले तर 'ता. क.' लिहिताना 'तालुका. क.' असे होण्याची शक्यता आहे. म्हणून 'शिकाब', 'यचम', 'सनवव' अशी एरवी कोठेही न येणारी अक्षरजुळणी घ्यावी.

६.२.४ सामान्यरूपाचा प्रश्न

या सोयींपैकी बहुतेक इंग्रजी लेखन समोर ठेवून तयार झाल्या. मराठीत शब्द क्वचितच मूळ रूपात राहतो. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. 'विद्यापीठ' या शब्दाला 'चा' लागताना 'विद्यापीठा' असे रूप होते. म्हणून 'यचम' या संक्षेपाबरोबर 'यचमा' असा दुसरा संक्षेप करून त्याचा विस्तार '... मुक्त विद्यापीठा' असा नोंदवावा. त्यापुढे 'च्या', 'तून', 'कडे', 'साठी' काहीही जोडता येते.

येथे एफ ३ या कळेचा मार्ग ऑटोकरेक्टपेक्षा सोयीचा ठरतो. ऑटोकरेक्ट मोकळी जागा किंवा विरामचिन्ह टंकल्यावर विस्तार करते. मग प्रत्यय जोडण्यासाठी ती जागा पुसावी लागते. एफ ३ दाबल्यावर मात्र कर्सर शब्दाला लागूनच उभा राहतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न शुद्धलेखनाचा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांपैकी १४ नियम १९६२ साली आणि आणखी ४ नियम १९७२ साली स्वीकारले गेले. त्यांनुसार मराठी शब्दातील उपान्त्य दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. आपल्या परिसरातील शब्द घेऊन पाहा.

ऊस – उसाचा, उसाला
मजूर – मजुराला, मजुरांचे
जमीन – जमिनीचा, जमिनीवर
विहीर – विहिरीत, विहिरीचे
खरीप – खरिपात
तूर – तुरीला

यंत्राने 'ऊस' हा शब्द पूर्ण करून दिला आणि तुम्ही त्यापुढे 'ाचा' टंकले, तर 'ऊसाचा' असे चुकीचे रूप तयार होते. 'मजूरांना', 'जमीनीवर', 'विहीरीत' या चुका अशाच घडतात. पुढे यंत्र तुमच्याकडून हीच रूपे शिकते आणि तीच पुन्हा सुचवते. चूक सवय होते. म्हणून 'मजुरां', 'जमिनी', 'विहिरी' ही सामान्यरूपेच स्वतंत्रपणे नोंदवा.

नियम सरसकट लावू नये. तत्सम शब्दांत दीर्घत्व टिकते : 'शरीर – शरीरात', 'विद्यापीठ – विद्यापीठाचा'. काही शब्दांत उपान्त्य ऊकार ऱ्हस्व न होता वेगळाच बदल होतो : 'कापूस – कापसाला', 'पाऊस – पावसाने'. समासाचे पूर्वपद असताना 'ऊस' दीर्घच राहतो. म्हणून 'ऊसतोड', 'ऊसपट्टा', पण 'उसाची तोड'. संक्षेपांची चांगली यादी करायची तर व्याकरण जाणावे लागते, ते यामुळे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) योग्य की अयोग्य ते सांगा.
१. यंत्र शब्दाचा अर्थ समजून पुढचा शब्द सुचवते.
२. 'शिका' हा 'शिरूर कासार'साठी चांगला संक्षेप आहे.
(आ) सामान्यरूप वापरून लिहा : वकील + ना (अनेकवचन), कापूस + चा, जमीन + त.

६.२.५ नावांच्या बाबतीत दक्षता

बीड जिल्ह्यात ११ तालुके आहेत : बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी वैजनाथ, पाटोदा, आष्टी आणि शिरूर कासार. यांपैकी काही नावे इतरत्रही आढळतात. शिरूर हा पुणे जिल्ह्यातही तालुका आहे आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. आष्टी वर्धा जिल्ह्यातही आहे. १९४२च्या लढ्यात ती गाजली. साताऱ्याजवळ सज्जनगडाच्या पायथ्याशी परळी आहे.

समजा, शिरूर कासार तालुक्यातील एका विधवा बाईचा अर्ज तुम्ही लिहीत आहात. 'शिरूर' टंकल्याबरोबर पुढे 'पुणे' सुचवले जाते, बोट सवयीने तेथे पडते आणि अर्ज पुढे जातो. तो परत येईपर्यंत मुदत संपलेली असू शकते. तुमचे दोन सेकंद वाचले आणि तिचा एक हंगाम गेला. म्हणून गाव, तालुका, जिल्हा, व्यक्तीचे नाव, गट क्रमांक आणि रक्कम या सहा गोष्टी स्वयंपूर्तीवर सोडू नयेत. तालुका व जिल्हा यांचा एकत्र विस्तार आधी तपासून नोंदवावा : 'शिकाब' म्हणजे 'ता. शिरूर कासार, जि. बीड'. व्यक्तीचे नाव मात्र प्रत्येक वेळी कागदावरून पाहूनच टंकावे, आणि अर्ज पूर्ण झाल्यावर ज्याचा आहे त्याला मोठ्याने वाचून दाखवावा.

जुन्या कागदातील मजकूर उतरवतानाही हे भान हवे. निजामी राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते. त्या काळच्या कागदाची नक्कल करताना यंत्राच्या किंवा स्वतःच्या सवयीने नाव बदलू नये. मूळ जसे असेल तसेच उतरवावे.

६.२.६ दिसायला एक, आत वेगळे

'तोडणाऱ्या' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. परंतु यंत्राच्या दृष्टीने ते वेगळे शब्द आहेत. 'ॲ' हे अक्षरही काहीजण अ ला चंद्र जोडून लिहितात, तर त्याचे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ सालापासून आहे. एकाच अहवालात दोन्ही रीती मिसळल्या तर शोध घेताना निम्मे शब्द सापडत नाहीत. असे शब्द एकदाच नीट टंकून संक्षेपात नोंदवले की सर्वत्र एकच रीत राहते.

युनिकोडपूर्व फाँट वापरणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. त्या फाँटमध्ये यंत्राच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. केवळ त्याचे दर्शन देवनागरी असते. ऑटोकरेक्ट वाक्याचे पहिले अक्षर इंग्रजी पद्धतीने मोठे करते, आणि आपल्याला दिसणारे मराठी अक्षरच बदलते. अशा वेळी ती सोय बंद ठेवावी. खरा उपाय मात्र युनिकोड वापरणे हाच आहे.

६.२.७ दुसऱ्याची माहिती आणि आपली भाषा

सेवा केंद्रातील किंवा अभ्यासकेंद्रातील संगणक अनेकांच्या हाताखाली असतो. ब्राउझर आधी भरलेली नावे, दूरध्वनी क्रमांक, पत्ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या माणसाला सुचवतो. सामायिक संगणकावर माहिती जतन करण्याची विचारणा झाली तर नकार द्या आणि काम संपल्यावर साठवलेल्या नोंदी पुसा. आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, पासवर्ड यांचे संक्षेप कधीही करू नका.

शेवटचा मुद्दा शैलीचा आहे. अर्जात ठरावीक वाक्ये शोभतात. तेथे संक्षेप मुक्तपणे वापरा. निबंधात, आस्वादात, आत्मकथनात मात्र सुचवलेला शब्द हा बहुतेकांनी वापरलेला शब्द असतो. तुम्ही दुष्काळावर लिहीत असाल तर यंत्र तुम्हांला 'भीषण' हे विशेषण देईल. तुमच्या आईने टँकरची वाट पाहत रांगेत ठेवलेल्या हंड्यांविषयी ते काही सांगू शकणार नाही. असे लेखन करताना सूचना बंद ठेवून पाहा, आणि आपल्या गावचे शब्द वैयक्तिक शब्दकोशात स्वतः घाला. त्यामुळे निदान तुमच्या यंत्राला तरी 'कोपी' आणि 'वाढे' हे शब्द माहीत होतील.

शासकीय लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द अपेक्षित असतो. ती परीक्षा हाताच्या वेगाची आहे. तिच्या तयारीसाठी या सोयी बाजूला ठेवून रोज सराव करावा.

६.३ सारांश

मराठी लेखनव्यवहारात संक्षेपांची परंपरा जुनी आहे. स्वयंपूर्तीत यंत्र वारंवारितेवरून अंदाज करते. संक्षेप-विस्तारात आपण ठरवलेलाच मजकूर येतो. संक्षेप स्वतंत्र शब्द असू नये. मराठीत मूळ शब्दाबरोबर सामान्यरूपही नोंदवावे, अन्यथा 'ऊसाचा', 'मजूरांना' अशा चुका रूढ होतात. नावे, गावे, क्रमांक व रकमा स्वतः तपासाव्यात. सामायिक संगणकावर कोणाचीही माहिती मागे ठेवू नये. वाचलेला वेळ मजकूर पुन्हा वाचण्यासाठी वापरावा.

६.४ पारिभाषिक शब्द

स्वयंपूर्ती : अर्धवट टंकलेला शब्द यंत्राने पूर्ण करणे.
संक्षेप-विस्तार : ठरवलेल्या खुणेच्या जागी पूर्ण मजकूर येणे.
वारंवारिता : एखादा शब्द मजकुरात किती वेळा येतो त्याचे प्रमाण.
उपान्त्य : शेवटच्याच्या आधीचे.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

(अ) १. अयोग्य. यंत्र वारंवारितेवरून अंदाज करते. २. अयोग्य. 'शिका' हा स्वतंत्र शब्द आहे.
(आ) वकिलांना, कापसाचा, जमिनीत.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. आपल्या घरातील किंवा नातलगांकडील एखादे जुने पत्र मिळवून त्यातील संक्षेप व त्यांचे विस्तार लिहा.
२. गेल्या महिन्यात तुम्ही लिहिलेल्या अर्जांतील वारंवार येणारी दहा वाक्ये किंवा नावे निवडा, त्यांचे संक्षेप ठरवा आणि सरळ टंकल्यास लागणाऱ्या कळांशी तुलना करून बचत मोजा.
३. आपल्या गावातील शेती किंवा ऊसतोडीशी संबंधित पंधरा शब्द मोबाइलवर टंकून पाहा. त्यांपैकी किती शब्द यंत्राने सुचवले? न सुचवलेल्या शब्दांचा अर्थ दोन-दोन ओळींत लिहा आणि ते वैयक्तिक शब्दकोशात नोंदवा.
४. 'वेग आणि अचूकता यांतील ताण' या विषयावर मोडी लिपी व संगणकीय स्वयंपूर्ती यांची तुलना करणारे २०० शब्दांचे टिपण लिहा. हे टिपण सूचना बंद ठेवून लिहावे.